मोरनसाहेबाच्या नावाची बोंब

पाहुणेमंडळी, हसू नका. धामणवलीत होळी पेटत नाही, हे तुम्ही आज डोळ्यांनी पाहिलेत. गोवऱ्या नाहीत, एरंड नाही, पोळीचा नैवेद्य अग्नीत पडत नाही. पुनवेला अख्खा गाव या खिंडीत उभा राहतो, समोरच्या डोंगरावरच्या पडक्या बंगल्याकडे तोंड करतो आणि पालथी मूठ तोंडावर नेऊन बोंब ठोकतो. चांगली शहाणीसुरती माणसे, शाळेचे हेडमास्तरसुद्धा. हा वेडेपणा नव्हे. हा राग आहे, आणि तो अजून शिळा झालेला नाही.

तो बंगला लॉर्ड बॅलिमोरनचा. गावाच्या तोंडी मोरनसाहेब. इंग्रज नव्हे, आयरिश. त्यांच्या मुलखावरही इंग्रजांचेच राज्य होते. साहेब तिथला मोठा सरदार, गढीत जन्मलेला. पण असे सांगतात, की बटाट्याचे पीक कुजून तिथली माणसे रस्त्यावर मरू लागली तेव्हा त्याने आपली कोठारे उघडली. पुढे विलायतेच्या पार्लमेंटात गेला आणि इंग्रजांना तोंडावर सुनावू लागला, की रयतेला विचारल्याशिवाय रयतेच्या रानाला हात लावाल तर याद राखा. लोक त्याला खांद्यावर घेऊन नाचत. सरकारला तो डोईजड झाला. मग सरकारने काय केले? त्याला मुंबईत मोठी जागा दिली. भुंकणाऱ्यापुढे भाकरी टाकली, दुसरे काय!

त्या काळी इथे चिंध्याईची राई होती. देवी म्हणजे ऐनाचे एक थोरले झाड. कुणाच्या अंगात ताप मुरला, कुणाचे मूल बोलेना, की नेसत्या कपड्याची चिंधी फाडून त्याच्या फांदीला बांधायची. पूजा येसाई गुरवीण करी. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. ते झाड हेच तिचे गणगोत. सासऱ्याने मरताना राई तिच्या ओटीत घातली होती, आणि ती जपण्यापलीकडे तिला दुसरे काही नको होते.

उन्हाळ्यात हवा खायला आलेला साहेब एकदा राईत शिरला आणि चिंध्या पाहून जागीच थबकला. त्याने टोपी काढली. त्याच्या गावी विहिरीवर असेच एक काटेरी झाड होते म्हणे, आणि लहानपणी दाईने त्याच्यासाठी तिथे अशीच चिंधी बांधली होती. आता त्याची लेक तिकडे छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेली. त्याने खिशातला रुमाल टरकावला आणि लेकीसाठी स्वतःच्या हाताने बांधला. येसाईला भरून आले. "मी आहे तोवर या झाडाला कुऱ्हाड लागणार नाही," साहेब म्हणाला, आणि शिरस्तेदार विसाजीपंतांनी ते मराठीत सांगितले. येसाईने शपथेचा बेलभंडार, बेलाचे पान नि हळद, पुढे केला. साहेबाने तो उचलून कपाळाला लावला.

आता आमच्या गावाची चूक ऐका. पुढच्या साली सरकारने रानांची मोजणी काढली. ज्या गावाला आपली राई राखायची असेल त्याने कचेरीतून तसा कागद करून घ्यावा, अशी दवंडी पिटली. शेजारची गावे धावली. धामणवली हलली नाही. ज्याने देवीपुढे बेलभंडार उचलला त्याच्याकडे वर कागद मागायचा, म्हणजे देवीवरच अविश्वास! येसाईनेच तसे ठासून सांगितले आणि गावाने माना डोलावल्या.

मग आगगाडी आली. रुळांखाली घालायला लाकूड हवे झाले. मुंबईच्या कौन्सिलात प्रश्न निघाला, तेव्हा साहेबाला आणखी वरची जागा मिळायच्या बेतात होती. एक शब्द बोलला असता तर राई वाचती. त्या मेल्याने तोडीच्या बाजूने हात वर केला! ज्या हाताने भंडारा उचलला, तोच हात.

फाल्गुनात कुऱ्हाडी आल्या. येसाई डोंगर चढून बंगल्यावर गेली. साहेब व्हरांड्यात चहा पीत बसला होता.

"सायबा, देवीम्होरं बेलभंडार उचलला व्हतास तू," ती म्हणाली.

"सरकारचा हुकूम आहे, बाई. साहेबांचा नाइलाज आहे," विसाजीपंतांनी उत्तर सांगितले.

"त्येला इचारा पंत, त्याच्या मुलखात त्या हिरीवरल्या झाडाला कुनी कुऱ्हाड लावली, तर त्या मानसाला काय म्हंत्यात?"

पंत नोकरीचे माणूस. पण त्यांनी एकही शब्द गाळला नाही. साहेबाने कप खाली ठेवला आणि राईकडे पाहिले. तेवढ्यात खालून पहिला घाव ऐकू आला. येसाईने पालथी मूठ तोंडावर नेली आणि साहेबाच्या तोंडासमोर बोंब ठोकली. खाली गावाने ती ऐकली, बायाबापड्यांनी उचलून धरली. झाड आडवे होईपर्यंत ती थांबली नाही, असे सांगतात.

पडलेल्या फांद्यांवरच्या चिंध्या येसाईने सोडवल्या आणि आसपासच्या रोपांना बांधल्या. साहेबाचा रुमाल हाती आला तेव्हा लोक म्हणाले, जाळ तो. "पोरीनं काय केलंय?" असे म्हणून तिने तोही बांधला. मग गावाकडे वळली. "हितनं फुडं ह्या गावात होळीला लाकूड तुटायचं न्हाई. निस्ती बोंब मारायची, आन् त्याच्या नावानं मारायची."

लेक बरी झाली म्हणे. साहेब मात्र विलायतेला परतला आणि पार्लमेंटात आपल्या रयतेची बाजू मांडायला उभा राहिला, तर तोंड उघडताच कानात बोंब उठली. कान झाकले तरी थांबेना. पुन्हा उभा राहिला, पुन्हा तेच. ज्या तोंडाच्या जोरावर मोठा झाला ते कायमचे मिटले, आणि गढीत तो मुक्यासारखा मेला. काही जण हळहळतात. मी नाही हळहळत. ज्याला काही कळलेच नाही त्याला माफ करता येते. याला सगळे कळले होते.

आजही बोंब चालू आहे, त्या रोपांचीच राई पुन्हा दाट झाली तरी. आणि आजही चिंध्याईपुढे कुणाला बेलभंडार उचलू देत नाहीत. मागच्या निवडणुकीत एक पुढारी आला, गहिवरला, मी याच मातीतला म्हणाला आणि शपथेसाठी हात पुढे केला. आत्ताची गुरवीण येसाईच्याच भावकीतली. तिने भंडाऱ्याचे ताट मागे घेतले.

"हात खाली घ्या, दादा," ती म्हणाली. "आधी कागद करा."