शिपायाच्या पायाखालची खूण

“दोष काय आहे त्यात, एवढं तरी सांगा आक्का.”

मुकिंदानं हे किती वेळा विचारलं असेल! आता त्याचा घसाही बसला होता. सकाळपासून भांडण चाललेलं. दोघंही शिणली होती. पण आधी उठेल तो हरला, म्हणून दोघंही भट्टीपाशी बसून.

तुळसाक्का कथलाचे शिपाई ओतायची. बोटभर उंचीचे, पण मिशीचा पीळ दिसावा असे. तिच्या भट्टीची रीत जुनी. शिष्यानं कितीही सुबक ओतला, तरी शिपायाच्या पायाखाली खूण गुरूचीच, बेलाचं पान. गुरूनं आपल्या हातानं कोरणी दिली, तरच शिष्याची खूण.

मुकिंदाचे केस या भट्टीपुढे पिकायला लागले होते. आपली खूण चांदणीची, हे त्यानं कधीच ठरवून ठेवलेलं. आता शहरातले एक हौशी गृहस्थ त्याचा निशाणवाला शिपाई काचेच्या कपाटात मांडायला तयार होते. पण त्यांना करणाऱ्याची खूण हवी होती, गुरूची नको.

आक्कानं निशाणवाला उलटासुलटा करून पाहिला.

“दोष नाही. माझ्या हातून असा होणार नाही.”

“मग कोरणी द्या.”

आक्कानं निशाणवाला खाली ठेवला आणि भट्टीत कोळसा सारला.

“नाहीतर खिळ्यानं कोरतो मी.”

“कोर की. खिळा काय माझ्या बापाचा आहे?”

त्यानं खिळ्याला हात लावला नाही. न दिलेली खूण जन्मभर टोचेल, हे त्याला ठाऊक होतं. ती मागावी लागते, राग याचाच होता. मग तो राग तोंडावाटे आला. तुम्ही तुमची खूण मिळवलीत, मिरवलीत, आणि माझ्या पाळीला हात आखडता घेता, असं बरंच काही तो बोलला. आक्कानं ऐकून घेतलं.

मग गुडघ्यावर हात टेकून ती उठली. कोनाड्यातून स्वतःचा शिपाई काढला. बेलाचं पान कोरलेला तिचा पहिला. नाक झिजलेलं. दर खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेत त्यालाही मान असायचा.

कढईत कथील वितळलेलं होतं.

तिनं आपला शिपाई त्यात सोडला. पाठोपाठ निशाणवाला.

मुकिंदाचा हात पुढे झाला. कोणत्या शिपायासाठी, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

“आक्का, तुमचा...”

निशाण आधी वाकलं. कमरपट्ट्यात साचलेलं जुनं हळदकुंकू वर आलं, काळं पडलं. आक्कानं पळीनं मळी बाजूला सारली. खाली नुसता चकचकीत आरसा.



मग तिनं कमरेची कोरणी काढून त्याच्या तळहातावर ठेवली.

“घे. यातला तुझा तेवढा उचल, आणि मार चांदणी.”