दुखणं वर चढलं

सरदार हैबतरावांचा चंद्री घोडीवर भारी जीव. स्वारीला निघाले की खोगिरात उजवीकडे कलून वाटभर तिच्या कानाशी गप्पा मारायचे. ती चंद्री ऐन दसऱ्याच्या तोंडावर लंगडू लागली.

घोड्यांचे वैद्य म्हादबा यांनी आधी खुराला दोष दिला. नाल बदलला, लंगडणं तसंच. मग म्हणाले, गुडघा. लेप झाला, फरक नाही. शेवटी खांद्यावर आले. शेक झाला. हैबतरावांनी मांड टाकून पाहिली, तर घोडी पुन्हा लंगडली!

सरदार घोडीवरूनच कडाडले, "वैद्यबुवा, रोज नवं निदान! खुरातून गुडघ्यात, गुडघ्यातून खांद्यात! आता दुखणं आणखी कुठं चढवता ते सांगा, नाहीतर पागा सोडा!"

म्हादबांनी मान वर करून पाहिलं. एवढ्या रागातही सरदार उजवीकडे कलून चंद्रीची मान थोपटत होते. म्हादबांनी हात जोडले. "सरकार, खांद्याच्या वर आता खोगीरच राहिलं. त्याच्याही वर निदान चढवायची माझी छाती होत नाही."

हैबतरावांनी आपल्या कललेल्या बैठकीकडे पाहिलं आणि ते खाली उतरले. चंद्री सरळ चालत पाण्याच्या कुंडीकडे गेली.

"म्हणजे लंगडा मीच की!" सरदार खो खो हसले.

दसऱ्याला ते भाल्यासारखे ताठ बसले. गप्पा तेवढ्या आधीच, पागेत उभ्यानं उरकून घेतल्या.