काळटेकडीवरची आई

सातपुड्याच्या पायथ्याशी निंबदरा नावाचे गाव. उदासनाथ महाराज तिथे ओढ्याकाठी येऊन राहिले, तेव्हा दुष्काळाचे दुसरे वर्ष होते.

त्या उन्हाळ्यात ठमाबाईची एकुलती एक लेक सखू गेली. रानात चारोळी तुरळकच धरली होती. भुकेल्या पोरीने अर्धाकच्चा कडू कंद खाल्ला, आणि संध्याकाळपर्यंत सगळे संपले. तेरावे उरकून ठमाबाई महाराजांपुढे बसली.

"महाराज, चारोळीचं झाड दाराशी असतं तर माझी पोर जगली असती. पण बी रुजतच नाही. शंभर दाणे पेरले, चार उगवले. तेही वाळले."

महाराज म्हणाले, "बाई, सगळ्या झाडांचं बी तू एकत्र कालवलंस. कुठल्या आईचं लेकरू तगलं, हे कळायचं कसं? झाडागणिक वाफा वेगळा कर."

तिने सात झाडांचे सात वाफे केले. गावचे विश्रामजी पाटील, मोठ्या आमराईचे धनी, बांधावर उभे राहून हसले. "रानटी झाडाला कसली आई? उद्या ही बाई कोल्ह्याला गोठ्यात बांधेल!"

सहा वाफे जवळजवळ रितेच राहिले. सातवा मात्र दाट उगवला. ते बी होते काळटेकडीवरच्या झाडाचे. पण माघात विहीर आटली, रोपे करपली. फाल्गुनात वणवा लागला आणि टेकडी जळून कोळसा झाली.

वैशाखात महाराज म्हणाले, "चल, बी आणू."

"कुठून, महाराज? झाडच राहिलं नाही."

"चल तर खरी."

गंमत पाहायला पाटीलही मागे निघाले. पायाखाली राखच राख. एक पाखरू म्हणून नव्हते. माथ्यावर मात्र ते झाड उभे होते! बुंधा जळका, आणि फांद्या काळ्याभोर पिकल्या फळांनी लवलेल्या.

पाटलांच्या तोंडचे पाणी पळाले. "परवाच मी हे तोडायला सांगून गेलो होतो. एक पान नव्हतं यावर!"

ठमाबाईने पदर पसरला, पण फळाला हात लावेना. "महाराज, झाड उठवलंत. मग माझी सखू?"

महाराजांचे डोळे भरून आले. "ते माझ्या हाती नाही, बाई. माझ्या हाती एवढंच होतं."

ती राखेतच बसली आणि वर्षभर कोंडलेले रडू फुटले. पाटलांना ते ऐकवेना. त्यांनी पागोटे काढून महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. महाराज मागे सरले.

"माझ्या नव्हे, पाटील. हिच्या."

पाटील वळले आणि त्यांनी त्या राखेत ठमाबाईपुढे कपाळ टेकले. "आई, चुकलो."

आषाढात तिच्या वाफ्यात शंभरातली साठ रोपे वर आली. पुढच्या उन्हाळ्यात ती जगवायला पाटील स्वतः खांद्यावर कावड घेऊन अनवाणी पाणी वाहत होते.