शेटजी, ताक घ्या

कसोटीच्या दगडावर घासायचं नाही, छिन्नी मारायची नाही, आगीजवळ न्यायचं नाही, आणि तरी उद्या सकाळपर्यंत सिद्ध करायचं की चांदीत खोट आहे! नाहीतर नोकरी गेली. राजाचा हा हुकूम ऐकून जामदारखान्याचे पहारेकरी राघोजी घरी आले, ते भिंतीला टेकून जे बसले ते पाणीसुद्धा मागेनात.

"आबा, पण झालं तरी काय?" त्यांच्या लेकीने, गोदीने विचारलं.

झालं होतं ते असं. राजकन्येचं लग्न ठरलं होतं आणि खुशालशेट सराफाने रुखवतासाठी चांदीची भांडी आणली होती. ताटं, वाट्या, तांबे, सगळी लखलखीत. भाव मात्र इतका कमी की राघोजींच्या तोंडून निघून गेलं, "महाराज, या भावात शुद्ध चांदी मिळते होय? एकदा कसोटीला लावून बघावी."

शेटजींनी लगेच कानांवर हात ठेवले. "शिव शिव! देवीपुढे पुजून आणलेली भांडी ही. लग्नाआधी ओरखडा उठला आणि काही विघ्न आलं, तर मग मला बोल लावू नका."

राजाचा लेकीवर जीव आणि शकुनावर त्याहून जास्त. त्यातून स्वभाव असा हट्टी की एकदा पाय रोवला की प्रत्यक्ष बृहस्पती आला तरी हलायचा नाही. तो गरजला, "राघोजी, भल्या माणसावर आळ घेतोस? मग खोट दाखव. पण भांड्याला ओरखडा नाही, चटका नाही. नाही जमलं तर पहाऱ्याची काठी खाली ठेव आणि चालू लाग."

गोदीने सगळं ऐकून घेतलं. वडिलांचा चेहरा पार उतरला होता. पण रडत बसणं तिला कधी जमलंच नव्हतं. "उठा आबा," ती म्हणाली. "दरबार उठायच्या आत मला महाराजांकडं न्या."

दरबारात शेटजी भांडी पुढ्यात मांडून, लोडाला टेकून पान चघळत होते. गोदीने मुजरा केला. "म्हाराज, ओरखडा नको, आग नको, कबूल. ताक चालंल का?"

"ताक?" राजाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"व्हय. चांगलं आंबटढाण. आन् या भांड्यांतला एक तांब्या, सकाळी परत आणते."

राजाने शेटजींकडे पाहिलं. शेटजी हसले. "घेऊ द्या की, महाराज. ताकाने कसलं विघ्न येतंय?"

बोलून तर गेले, पण देवडी ओलांडेपर्यंत त्यांच्या तोंडातलं पान कडू झालं. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट ताक ठेवलं की ते कळकतं, हिरवं पडतं आणि पिणाऱ्याला आतडी बाहेर येईस्तोवर ओकायला लावतं, हे घराघरातल्या बायांना ठाऊक असतं. शुद्ध चांदीत ती भीती नाही. पण या तांब्यात चांदी किती आणि तांबं किती, हे जगात एकट्या शेटजींना ठाऊक होतं. रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

सकाळी दरबार भरला. गोदी तांब्या घेऊन आली. तांब्याच्या तोंडाला स्वच्छ फडकं बांधलेलं. राघोजी एका खांबाआड उभे होते. 

गोदीने तांब्या शेटजींपुढे ठेवला आणि फडकं सोडलं. "शेटजी, ताक घ्या."

"मी?"

"तुमचीच चांदी, तुमचाच मान."

राजा पुढे सरसावला. त्याला आता मजा वाटू लागली होती. "प्या, शेटजी. तुम्ही तांब्या रिकामा केलात की सगळी भांडी याच क्षणी विकत घेतली समजा."

शेटजींनी तांब्यात डोकावून पाहिलं. ताक हिरवट दिसत होतं. त्यांच्या कपाळाला घाम फुटला. "महाराज, माझी आज एकादशी..."

"एकादशी परवा झाली," पुरोहित म्हणाले.

"म्हणजे... कफाची प्रकृती. वैद्यांनी ताक बंद केलंय."

"एक घोट," राजा म्हणाला.

शेटजींनी तांब्या उचलला, ओठांपर्यंत नेला, डोळे मिटले आणि तसाच खाली ठेवला. "नको महाराज! लेकुरवाळा माणूस आहे मी. यात निम्म्याहून जास्त तांबं आहे. कळकलंय ते!"

 तेवढ्यात गोदीने तांब्या उचलला आणि वरूनच गटागटा पिऊन टाकला.

"अगं पोरी!" राघोजी खांबाआडून धावले.

"काही न्हाई आबा. सकाळी घुसळलंय, देवडीवर आल्यावर तांब्यात ओतलंय. मिरची-कोथिंबीर जरा जास्त वाटून लावली, एवढंच." गोदीने पदराने तोंड पुसलं.

शेटजी उसळले. "महाराज, ही लबाडी आहे! रात्रभर ठेवलेलं ताक नव्हतंच ते. मग भांड्याची परीक्षा झाली कुठं?"

"भांड्याची परीक्षा करायला म्हाराजांची मनाई हाय," गोदी म्हणाली. "विकणाऱ्याची करायला न्हाई."

राजा असा हसला, असा हसला की पगडी कानावर आली. पगडी सावरून त्याने कसोटीचा दगड मागवला. तांब्या घासला तशी दगडावर तांबूस रेघ उठली. शेटजींना सगळी भांडी डोक्यावर घेऊन पेठेतून पायी घरी जायची शिक्षा झाली. राघोजींची पहाऱ्याची काठी तर राहिलीच, वर जामदारखान्याची किल्लीही मिळाली.

"आणि ही तुला," राजा म्हणाला आणि त्याने आपल्या देवघरातली चांदीची वाटी गोदीपुढे धरली.

गोदीने वाटी हातात घेतली, उलटीपालटी करून पाहिली आणि हळूच म्हणाली, "म्हाराज, तो दगड अजून हितंच हाय नव्हं?"