थुक्पाला घेऊन प्रदक्षिणा

“...ते सगळं ठीक आहे, लामाजी. पण बरोबर कुत्रा कशाला?”

बुटाची नाडी बांधता बांधता हेरंब करंदीकर थांबला होता.

“तू एकटा चाललायस म्हणून,” लामा म्हणाले.

“मी नेहमी एकटाच जातो.”

“त्येच म्हंतोय.”

लामांचं मराठी हे असं होतं. भिक्षू होण्याआधी, तरुणपणी, कितीतरी हिवाळे त्यांनी कोल्हापुरात रस्त्याकडेला बसून स्वेटर विकले होते. पुढे धंदा सुटला, संसाराची ओढ सुटली आणि ते हिमालयात परतले. स्पितीच्या वरच्या अंगाला, झाडंसुद्धा खालीच राहून जातात इतक्या उंचावर, एका तलावाकाठच्या मठात राहू लागले. कोल्हापूरची बोली तेवढी सुटली नाही.

हेरंब ठाण्याचा. हिमालयातल्या बहुतेक वाटा तुडवलेला. काश्मीरपासून सिक्कीमपर्यंत आपण कोणकोणत्या तलावांना प्रदक्षिणा घातल्या, हे तो कुणी न विचारताही सांगायचा. ध्यानाची शिबिरं केली होती, मौनाची केली होती. मौनाच्या शिबिराबद्दल तर तो फारच बोलायचा.

लामांकडे तो दीक्षा मागायला आला होता. रोज मागायचा. लामा रोज चहा द्यायचे, हसायचे आणि बटाट्याच्या पिकाबद्दल बोलायचे.

आज मात्र ते म्हणाले होते, “तळ्याला एक फेरा घालून ये. पाणी उजव्या हाताला ठेवायचं. थुक्पाला संगं न्यायचं, संगं आणायचं. मग बघू.”

थुक्पा म्हणजे खरं तर शेवयांचं सूप. मठातलं कुत्रं पिल्लू असताना गार झालेल्या सुपाच्या पातेल्यात पडलं आणि पोहत पोहत सगळं पिऊन बाहेर आलं. तेव्हापासून त्याचं नावही तेच. आता तो चांगला वासराएवढा झाला होता. काळा, केसाळ, आणि चेहऱ्यावर कायम कुणीतरी आपलं जेवण विसरल्याचा भाव.

“आणि उद्या?” हेरंबनं विचारलं.

“उद्या कुलूप. बर्फ पडायच्या आत खालच्या गावात उतरायचं.”

म्हणजे आज नाही, तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत नाही. हेरंबनं नाडी करकचून आवळली.

ऊन स्वच्छ होतं. तलाव काठाशी हिरवा आणि मध्ये गडद निळा दिसत होता. हेरंबनं पाणी उजव्या हाताला घेतलं आणि आपल्या नेहमीच्या चालीनं निघाला. बघणाऱ्याला वाटावं, पुढे गाडी सुटतेय.

थुक्पाला कसलीच घाई नव्हती. एका दगडाचा वास घ्यायला तो थांबला. शेजारचा दगडही तसाच दिसत होता, पण त्याचाही घेतला. बिळाबाहेर उन्हात बसलेला एक गुबगुबीत मार्मोट, खारीचा डोंगरातला थोरला भाऊ, शीळ घालून आत पळाला, तर हा बिळाच्या तोंडाशी ठिय्या देऊन बसला.

“चल रे.”

थुक्पानं एक कान हलवला.

“अरे, चल ना बाबा! माझ्या दीक्षेचा प्रश्न आहे.”

दुसरा कान हलला.

शेवटी तो आला तो थेट पाण्यात शिरून, आणि हेरंबच्या अगदी जवळ येऊन त्यानं अंग झटकलं. बर्फाचं पाणी हेरंबच्या मानेवरून आत उतरलं. हेरंब किंचाळला. समोरच्या कड्यावरून ती किंकाळी जशीच्या तशी परत आली. थुक्पा भुंकला. तेही परत आलं. मग दोघं थोडा वेळ आळीपाळीनं ओरडले. आपण काय करतोय हे ध्यानात आल्यावर हेरंबनं आजूबाजूला पाहिलं. कुणी नव्हतं.

तो पुन्हा गंभीर झाला आणि चालू लागला.

पुढे वाट संपली आणि दगड लागले. कड्यावरून कोसळलेले, एकावर एक पडलेले मोठमोठे दगड, थेट पलीकडच्या काठापर्यंत. तिथेच थुक्पा लंगडला.

आधी थोडा. मग बराच. मग पुढचा पाय वर धरून बसलाच.

हेरंबनं पंजा उलटसुलट करून पाहिला. काटा नव्हता, जखम नव्हती. आत काहीतरी मुरगळलं असणार. हात लागला की थुक्पा इतक्या केविलवाण्या सुरात कण्हायचा की हेरंबच “सॉरी, सॉरी” म्हणायचा.

आकाशात एका बाजूनं ढग येत होते. पुढचा पल्ला लांब, सगळा दगडांचा. या धुडाला घेऊन तो पार करणं शक्यच नव्हतं. आल्या वाटेनं परत फिरणं सोपं होतं. पण परत फिरायचं म्हणजे प्रदक्षिणा मोडली, आणि वर पाणी डाव्या हाताला.

“तू इथेच थांब,” तो थुक्पाला म्हणाला. “मी फेरा पुरा करतो आणि तुला न्यायला येतो. तासा-दोन तासांचा प्रश्न.”

थुक्पानं मान खाली टाकली.

हेरंब दगडांवरून उड्या मारत निघाला. पाय सराईत होते, पटापट पडत होते. मागे वळून पाहायचं नाही, असं त्यानं ठरवलं... आणि पाहिलं.

थुक्पा बसला होता तिथेच होता. पाय अजून वरच होता.

“श्शी!” हेरंब मोठ्यानं म्हणाला. कुणाला म्हणाला ते त्यालाही कळलं नाही.

तो परत आला. सॅक पोटाशी घेतली, खाली बसून कुत्र्याला खांद्यांवर ओढलं आणि दगडाला धरून कसाबसा उभा राहिला. ओल्या केसांचा वास नाकात गेला. लाळेची एक धार कानात आली.

“मजा आहे तुझी,” हेरंब म्हणाला.

थुक्पानं हनुवटी त्याच्या डोक्यावर टेकवली.

परतीची वाट संपता संपेना. दर थोड्या वेळानं हेरंब दगडाला टेकून उभा राहायचा. श्वास पुरायचा नाही. वेळ जावा म्हणून त्यानं कुत्र्याला आपले सगळे तलाव सांगायला घेतले. दुसऱ्याच तलावापाशी कानाजवळ घोरणं ऐकू आलं. हेरंबला इतकं हसू आलं की पुन्हा दगडाला टेकावं लागलं.

मग तो गप्प झाला. गप्प झाल्यावर पाण्याची बारीक चुळबुळ ऐकू यायला लागली.

मठाच्या ओट्यावर लामा उन्हात बसले होते. हेरंबला भलत्याच बाजूनं येताना त्यांनी पाहिलं, आणि त्याच्या खांद्यांवर काय आहे तेही पाहिलं.

“मोडली, लामाजी,” हेरंब धापा टाकत म्हणाला. “प्रदक्षिणा मोडली. याचा पाय मुरगळला. पाणी डाव्या हाताला आलं... काही इलाज नव्हता.”

त्यानं थुक्पाला अलगद खाली ठेवलं. थुक्पानं जांभई दिली, पाठ ताणली. एवढ्यात भिंतीवर एक कावळा उतरला. थुक्पा चारही पायांवर सुसाट त्याच्या मागे धावला, भिंतीवरून पलीकडे उडी मारली आणि दिसेनासा झाला.

...

हेरंबचं तोंड उघडंच राहिलं.

लामा आधी आवाज न करता हसले. मग आवाज करून हसले. मग डोळे पुसायला त्यांना बाहीच लागली.

“त्याला... काहीही झालं नव्हतं?”

“न्हाई.”

“तुम्हाला माहीत होतं!”

“जुनी खोड हाय त्येची. दगडं लागली की लंगडतंय.”

“मग माझ्याआधी जे आले, त्यांनी काय केलं?”

“फेरा पुरा केला की. पाणी उजव्या हाताला ठिवून.”

“आणि थुक्पा?”

“त्यो यायचा मागनं. उड्या मारत.”

हेरंब मटकन ओट्यावर बसला. रागवायचं म्हणून त्यानं तोंड उघडलं, पण बाहेर आलं ते हसूच. बराच वेळ तो हसत होता. ओसरलं तेव्हा ढग तलावावर आले होते आणि पाणी राखाडी झालं होतं.

“म्हणजे खोट्या दुखण्यापायी मी खरी प्रदक्षिणा घालवली,” तो म्हणाला.

लामांनी चहाचा पेला त्याच्यापुढे सरकवला.

“लामाजी... मग माझी दीक्षा?”

लामा उठले. हेरंबच्या मागे येऊन उभे राहिले. दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर ठेवले आणि अंगठे जोरात दाबले.

“आई गं!”

“दुखतंय?”

“फार दुखतंय, लामाजी.”

लामांनी हात तिथेच राहू दिले.

“लंगडणं खोटं हुतं, बाबा... ह्ये तर खरं हाय न्हवं?”