रात्र मोजणाऱ्या अळ्या

एका राज्यात रात्रच होत नव्हती. राजा तेजपाळ अंधाराला भ्यायचा. त्याने जादूगाराकडून सूर्यमणी मागून आणला नि बुरुजावर टांगला. उजेड असा, की भिंतीतूनही आत शिरावा. जादूगार म्हणाला होता, "उजेड ने, पण झोप जाईल." कोणाची, ते राजाने विचारले नाही. मोठ्या माणसांना विचारायची सवय नसते.

झोप गेली कोशांची. ऐनाच्या झाडांच्या रानात रेशमाच्या अळ्या कोश विणीत आणि हिवाळा आत झोपून काढीत. आता भर थंडीत पतंग बाहेर पडू लागले. कोवळे पान नाही, पिलांनी खावे काय? दोन हिवाळ्यांत अळ्यांचे बियाणे बुडाले. उरली रानात अळ्या पाळणाऱ्या भिवरा ढिवरणीची एक टोपली.

दरबारी पंडित म्हणाले, "उबेचा दोष." त्यांनी टोपलीभोवती गार पाण्याचे माठ मांडले, पंखे हलवले. अळ्या नुसत्या गारठल्या. पोथी वाचली म्हणून अळी कळते थोडीच!

तेव्हा ऐनाच्या ढोलीतले घुबड, पिंगळा, बोलला, "भिवरे, थंडीचे सोड. अळीच्या डोक्यात घटिकापात्र आहे. ती रात्र मोजते. रात्र लांबली, की पुढे हिवाळा आहे हे तिला कळते. कोश विणायला पंधरा दिवस उरलेत. त्याआधी तिला रात्र दे."

भिवरा बुरुजावर चढली. मण्यावर हत्तीचे कातडे टाकले, ते जळाले. मणी विहिरीत सोडला, तर विहीरच उजळली. वर काढून घण घातला, घण वितळला.

पिंगळा म्हणाला, "ज्याने मागितला, त्याच्याच हातून फुटेल."

ती मणी साखळीने ओढत तडक दरबारात गेली.

"महाराज, मणी फोडा."

"अंधारात मी मरेन, बाई."

"बोटाएवढी अळी मरत नाही. तुम्हाला तर एवढ्या मिशा आहेत."

दरबार फिस्सकन हसला. राजा लाल झाला, उठला आणि मणी उचलून चौकातल्या दगडावर आपटला. वेळ रात्रीची होती; काळोख पडला. राजाने डोळे गच्च मिटले.

"उघडा की आता!" भिवरा ओरडली.

वर चांदण्या होत्या. राजा पहाटेपर्यंत मान वर करून उभा राहिला.

रात्री लांबत गेल्या. अळ्यांनी कोश विणले आणि हिवाळाभर एकही पतंग बाहेर आला नाही. ऐन पालवला, तेव्हा सगळे कोश एकदम फुटले. रान पिवळ्या पंखांनी भरले. राजा टाळ्या पिटत भिवरेच्या मागे धावला.

तेजपाळाचे राज्य अंधारातही नीट चालले. तुमचे आमचे घरही तसेच चालो.