बंदरावरची सवाष्ण

एका बंदरगावात द्वारका नावाची बाई राहत होती. तिचा नवरा दूरच्या बोटीवर खलाशी. वर्षातून एकदा घरी यायचा.

त्या गावात शिंपल्यांची बटणे बनत. परदेशी बोटी येऊ लागल्या, तशी ती बटणे साता समुद्रापार गेली आणि गावाचे शहर झाले. घरोघरी सुबत्ता आली, ते चांगलेच झाले. पण दिवस कारखान्याच्या भोंग्यावर उगवू लागला आणि भोंग्यावरच मावळू लागला. कुठल्या मुलखात कुठल्या रंगाचे बटण खपते, हे बायकांना तोंडपाठ. शेजारणीला ताप आलाय, हे मात्र चार दिवसांनी कळायचे.

द्वारकेने मार्गशीर्षातले गुरुवार धरले होते. शेवटच्या गुरुवारी सवाष्ण जेवल्याशिवाय उपास सोडायचा नाही, हा तिचा नेम. तिने सात जणींना बोलावले. पुरण शिजले, पाट मांडले. एकही आली नाही.

आपला विसरलेला जेवणाचा डबा न्यायला कामावरून घरी आलेली शेजारीण यमुना म्हणाली, "आज बोट भरायचीय गं. देवी समजून घेते, मुकादम नाही घेत."

दिवस कलला. द्वारका उंबऱ्यात बसून राहिली. भुकेपेक्षा रिकामे पाटच तिला जास्त टोचत होते.

एवढ्यात बोटीच्या मालकाची बायको रस्त्याने आली. परदेशी, एकटीच. महिनाभर ती बंदरात होती, पण जो तो तिला बटणेच दाखवी. द्वारका तिला बोलवायला उठलेली पाहून, बटणांची खेप घेऊन बोटीकडे चाललेली यमुना थांबून कुजबुजली, "तिला बसवतेस? गळ्यात मणी नाही, कपाळाला कुंकू नाही."

द्वारका घुटमळली. व्रत मोडले तर? मग मनात आले, आपला धनीही असाच कुठल्या परक्या बंदरात फिरत असेल.

"नवरा आहे ना तिला? मग सवाष्णच ती," असे म्हणून तिने बाईचा हात धरला.

बाई पाटावर बसली, पोटभर जेवली. मग बटवा उघडून तिने बाजारात शिकलेला एकुलता एक शब्द उच्चारला, "किती?"

द्वारकेने बटवा मिटला आणि तिच्या कपाळाला कुंकू लावले. बाईचे डोळे भरून आले. मग द्वारकेने उपास सोडला.

पुढच्या मार्गशीर्षात शेवटच्या गुरुवारी बोट भरायची थांबली. मुकादम चडफडला, पण बोटीची मालकीणच द्वारकेकडे जेवायला बसली होती. तिच्या पंगतीला यमुनेसह गल्लीतल्या साऱ्या जणी होत्या.

तात्पर्य: व्यापार जगाला आपल्या दारापर्यंत आणतो, तिथून आत बोलवायचे काम मात्र आपल्यालाच करावे लागते.